डी७००० घ्यावा की पी९००? नान्नजचा माळ आणि गड्ड्याची रात्र

मी सोलापूरच्या साखर पेठेत चादरींच्या नक्ष्या काढतो. वडील आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने चौकोन भरून नक्षी काढायचे, मी कॉम्प्युटरवर काढतो. काम तेच आहे. मोर असो नाहीतर कमळ, शेवटी तो चौकोनांचाच हिशेब. रविवारी मात्र मी पहाटे उठून बार्शी रोडने नान्नजच्या माळावर जातो आणि जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस मिरवणुकीत असतो. मला फोटो काढायचे असतात ते या दोनच ठिकाणी. म्हणून कॅमेरा घ्यायची वेळ आली, तेव्हा मी दुसरा कुठलाच विचार केला नाही. या दोन जागी कोण टिकतो, एवढंच बघायचं ठरवलं.

समोर दोन पर्याय होते आणि दोन्ही जुने. पहिला मेहुण्याचा निकॉन पी९००, २०१५ साली आलेलं मॉडेल, लेन्स अंगालाच जोडलेली आणि झूम ८३ पट. "दाजी, घेऊन जावा की ओ, माझ्याकडं नुसता पडून हाय," म्हणाला. ठेवायचा झाला तर ३० हजार ठरले. दुसरा आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफर काकांचा निकॉन डी७०००, २०१० सालचा डीएसएलआर, म्हणजे आरशातून बघायचा आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा. काकांनी लग्नाचं काम बंद केलंय. बॉडी आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स मिळून २८ हजार. दहा हजार हातावर ठेवले, बाकीचा निर्णय संक्रांतीनंतर. कोजागिरीपासून गड्ड्यापर्यंत दोन्ही कॅमेरे माझ्याकडे होते.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला माझ्या धंद्यामुळे पटकन कळली. दोन्ही कॅमेऱ्यांत चौकोन जवळपास सारखेच आहेत, १६ मेगापिक्सेल. फरक आहे तो हे चौकोन किती जागेत बसवलेत याचा. डी७००० चा सेन्सर (उजेड टिपणारा तुकडा) साधारण २३.६ बाय १५.६ मिलिमीटर, पी९०० चा ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळ काढलं तर पहिला दुसऱ्याच्या तेरा पट भरतो. म्हणजे तीच नक्षी एकदा ६० बाय ९० च्या चादरीवर विणायची आणि एकदा २० बाय २० च्या रुमालावर. रुमालावर विणता येते, पण धागा फार बारीक घ्यावा लागतो आणि बारीक धागा ताण सोसत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत ताण म्हणजे अंधार.

दुकानात कुणी "दोन हजार एमएमचा झूम" म्हणालं, तर तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पी९०० च्या लेन्सची खरी फोकल लांबी ३५७ मिलिमीटर आहे. सेन्सर इवलासा असल्यामुळे चित्र २००० इतकं जवळ दिसतं. डी७००० वर ३०० ची लेन्स ४५० सारखी दिसते. जवळ आणण्यात पी९०० चार पटींहून पुढे आहे, यात वाद नाही.

आता नान्नज. तिथे माळढोकचं अभयारण्य आहे. माळढोक आता तिथे सहजी दिसत नाही आणि दरवेळी परतताना ते जीवाला लागतं. काळवीट दिसतात, लांडगा नशीब असेल तर, आणि थंडीत गवतावरून खाली खाली तरंगत जाणारे भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी. माळावर आडोसा नसतो. तुम्ही दिसलात की प्राणी अंतर वाढवतो, आणि त्याच्या मागे धावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. वनखात्याची परवानगी घेऊन, ठरवून दिलेल्या वाटेवर थांबूनच फोटो काढायचे. त्यामुळे लांबचं जवळ आणणारा कॅमेरा इथे बाजी मारणार, असं मलाही वाटलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सात-सव्वासातला गवतावर दव होतं. दूर एका दगडावर धाविक पक्षी उभा होता. पी९०० पुढे केला, पूर्ण झूम, कोपर गाडीच्या दारावर टेकवलेलं. भुवईची पांढरी पट्टी, तिच्याखालची काळी, छातीवरचा तांबूस रंग, सगळं स्वच्छ आलं. डी७००० मध्ये तोच पक्षी तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा करून पाहिला तर ओळखू येत होता, पण पिसं नव्हती. वाटलं, ठरलं, पी९००.

साडेनऊला तोच माळ, जवळपास तेवढ्याच अंतरावर काळवीट. ऊन चढलं होतं. पी९०० च्या पडद्यावर काळविटाचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे हलत होते, शिंगांचे पीळ वितळत होते. वीस फोटो काढले, एकही धड नाही. दोष कॅमेऱ्याचा नाही. जमीन तापली की तिच्यावरची हवा लहरते, आणि जितकं लांबचं जवळ आणाल तितक्या त्या लहरीही जवळ येतात. आपल्या सोलापूरच्या उन्हात ही लांब झूम सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचा थोडा वेळ एवढीच खरी कामाची. बाकी दिवसभर ३०० च्या पलीकडचं बहुतेक सगळं लहरीत जातं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठळक सांगतोय.

मग उडणारा पक्षी. भोवत्या समोरून डावीकडून उजवीकडे गेला. पूर्ण झूमवर पी९०० मधून जेमतेम सव्वा अंश दिसतं, त्यात पक्षी सापडायलाच वेळ जातो. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की झूम क्षणभर मागे येतो आणि सोडलं की परत पुढे जातो. बटण फार उपयोगी आहे, पण बसलेल्या पक्ष्यासाठी. उडणाऱ्यावर फोकस पुढे-मागे शोधत राहतो आणि तोवर पक्षी बाभळीमागे. सलग फोटो काढायला गेलं तर सात निघतात, मग कार्डावर लिहून होईपर्यंत थांबायचं. काळविटांचा कळप रस्ता ओलांडताना पहिल्या दोन माद्या मिळाल्या, मागून उडी मारत आलेला नर गेला. डी७००० त्याच जागी पुढच्या रविवारी डोळ्याला लावला. आरशातून थेट दिसतं, मधे पडदा नाही. फोकसचे ३९ बिंदू आहेत, सेकंदाला सहा फोटो. नर हवेत, चारही खूर जमिनीपासून वर, पाठीमागे उडालेली धूळ. लहान आला आहे, पण आला आहे. तो फोटो मी छापून घेतला.

एका गोष्टीत मी पी९०० ची बाजू घेईन, कारण लोक त्याला सरसकट नावं ठेवतात. लांबच्या बसलेल्या पक्ष्यासाठी "छोटा सेन्सर, उजेड कमी" ही तक्रार अर्धीच खरी आहे. लेन्सच्या लांबीला तिच्या भोकाच्या आकड्याने (एफ) भागलं की भोकाची रुंदी मिळते: ३५७ ला ६.५ ने भागा, ५५ मिलिमीटर येतात. ३०० ला ५.६ ने भागा, ५४. म्हणजे दोन्ही लेन्सांचं उजेड घेणारं भोक सारखंच, आणि त्या पक्ष्याकडून येणारा उजेड दोघांत सारखाच शिरतो. डीएसएलआरचा फोटो कापून पक्षी मोठा केला की त्याचा फायदा तिथेच संपतो. पुढच्या काचेचे आटेसुद्धा दोघांचे सारखेच आहेत, ६७ मिलिमीटर. एकाचं झाकण दुसऱ्याला बसतं.

हिप्परग्याच्या तलावावर डिसेंबरात पट्टकादंब उतरले होते. पाणी मधे, पलीकडच्या काठावर हंस. पी९०० ने त्यांच्या पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे वेगळे मोजता आले. असल्या कामाला, म्हणजे पाणपक्षी ओळखायचे, नोंद ठेवायची, मुलांना दाखवायचं, तर पी९०० च घ्यावा. कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत मी त्याचा पडदा वळवून गल्लीतल्या पोरांना चंद्रावरचे खड्डे दाखवले. एक मुलगी पडद्याला बोट लावून, "हे खरंच आत्ता तिथं हाय?" विचारत राहिली. डीएसएलआरवर तो चंद्र शेंगदाण्याएवढा आला असता. वजनही बघा. पी९०० भरतो ९०० ग्रॅम, डी७००० लेन्ससकट दीड किलोच्या वर. ज्यांची मान-खांदे दुखतात त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आणि मग गड्डा आला.

सातही नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेलून न्यायच्या उंच काठ्या, मिरवणुकीत निघतात तेव्हा दिवसा दोन्ही कॅमेऱ्यांनी छान काम केलं. पांढऱ्या बाराबंद्या (पारंपरिक अंगरखे), उन्हात चमकणारा माथा, "हर्र"चा गजर. पण मला हवा असतो तो रात्रीचा परतीचा फोटो. रस्त्यावरचे दिवे, नंदीध्वजांवरची रोषणाई आणि त्या उजेडात काठी पेलणाऱ्याचा चेहरा. माझे वडील आता पायरीवर बसूनच बघतात. त्यांना गर्दीत काही दिसत नाही, म्हणून घरी गेल्यावर चेहरे दाखवायचे असतात.

फोटोग्राफर काकांनी त्यांची जुनी ५० मिलिमीटर, भोकाचा आकडा १.८ असलेली लेन्स दोन दिवसांसाठी दिली (आकडा लहान तेवढं भोक मोठं). "लांबचं सोड, ही लाव," म्हणाले. १६०० आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर सेकंदाचा १२५ वा भाग. कपाळावरचा घाम, मानेची ताठलेली शीर, काठीवर घट्ट आवळलेल्या बोटांची पांढरी पडलेली पेरं. सगळं जागच्या जागी. तिथेच उभं राहून, त्याच आयएसओवर, पी९०० ला तेवढाच आवाका दिला तर तो सेकंदाच्या तिसाव्या भागावर आला. चालत्या माणसाचे हात फराटले, आणि चेहऱ्यावर कॅमेऱ्याने कण लपवण्यासाठी अशी काही इस्त्री फिरवली की घाम राहिला नाही, सुरकुत्या राहिल्या नाहीत. तो माणूस ओळखू येत होता, पण त्याचे कष्ट पुसले गेले होते. पी९०० रॉ फाइल (कॅमेऱ्याने हात न लावलेला मूळ फोटो) देत नाही, त्यामुळे नंतर काही परत मिळवायची सोयही नाही.

घरी वडिलांनी डी७००० चा फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्या माणसाच्या हाताकडे बघून म्हणाले, "पकड सैल हुईत होती याची, शेवटच्या वळणावर." मी तिथे उभा असून मला ते दिसलं नव्हतं.

मी डी७००० ठेवला. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो लहान येतात हे मला मान्य आहे. मला उडी आणि चेहरा हवा होता.

जुना डीएसएलआर घेणाऱ्यांनी चार गोष्टी तपासूनच पैसे द्यावेत. चार वर्षांपूर्वी मी एका दुकानातून दुसऱ्याच कंपनीची जुनी बॉडी घेतली होती. "घरगुती वापर, हजारभर फोटो" असं सांगितलं होतं. नंतर कळलं की शटर ९० हजार फोटोंच्या पुढे चाललं होतं आणि सेन्सरवर तेलाचे डाग होते. दुकानदाराने हात वर केले. मला ते अजून बोचतं, कारण मी भरवसा ठेवला होता. तर, कॅमेऱ्यातून तुमच्यासमोर काढलेला फोटो कॉम्प्युटरवर घेऊन शटरचा आकडा वाचा. डी७००० चं शटर दीड लाखापर्यंत चाचणी केलेलं आहे. काकांच्या बॉडीचे ६२ हजार झालेत, आणि ते त्यांनी विचारायच्या आधी सांगितले. भोकाचा आकडा १६ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, डाग असतील तर लगेच दिसतात. नुसती धूळ असेल तर घाबरू नका, रबरी फुंकणीने जाते. आपल्याकडे धूळ असणारच. उलट लेन्स आत-बाहेर होणाऱ्या जोडलेल्या कॅमेऱ्यात धूळ शिरली, तर खोलल्याशिवाय निघत नाही. लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून बुरशी बघा. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती कमी सापडते, पण कॅमेरा कोकणात किंवा मुंबईत राहून आलेला असेल तर नक्की बघा.

आणखी एक. निकॉनची स्वस्त बॉडी घेताना आत फोकसची मोटर आहे का विचारा. डी७००० मध्ये आहे, म्हणून काकांची ती ५० ची जुनी डी मालिकेतली लेन्स आपोआप फोकस करते. डी३०००, डी५००० या मालिकांतल्या बॉड्यांमध्ये मोटर नाही, त्यांच्यावर तीच लेन्स हाताने फिरवावी लागते. रात्रीच्या गर्दीत ते जमत नाही.

मेहुण्याचा पी९०० मागच्या आठवड्यात परत केला. तो म्हणाला, रविवारी हिप्परग्याला जाताना हक्काने न्या. नेणार आहे, हंस जायच्या आत. काकांचे उरलेले १८ हजार दिले आणि ५० ची लेन्स परत करायला पिशवीतून काढली, तर त्यांनी ती माझ्याकडेच सरकवली आणि तीन हजार सांगितले. घासाघीस केली नाही.