गच्चीवरच्या बागेसाठी नव्या पेठेतील खरेदी

सोलापुरात चैत्रातच ऊन भाजू लागते आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून पाडव्याआधीच मी गच्चीवरील कुंड्यांसाठी ठिबकचे साहित्य व हिरवी जाळी घेण्यास नव्या पेठेतील एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारांनी कुंड्यांची संख्या आणि टाकीची उंची विचारली, 16 मिलिमीटरच्या नळीला बारीक नळी जोडून दाखवली आणि मोगऱ्याला ऊन हवेच असते, तेव्हा 75 ऐवजी 50 टक्के सावलीची जाळी पुरे, असे स्वतःहून सांगितले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. पाण्यातल्या गाळ-कचऱ्याने छिद्रे बुजू नयेत म्हणून गाळणीही त्यांनीच सुचवली. एक जोडणी गळू लागली, ती विनातक्रार बदलून मिळाली. पक्के बिल मात्र दोनदा मागावे लागले.