पाणगवतातला दोन पात्यांचा पंखा: माझा अनुभव

होडीच्या १२ व्होल्टच्या इलेक्ट्रिक मोटरचा तीन पात्यांचा पंखा काढून मी मागे झुकलेल्या दोन पात्यांचा बसवला. आता जुना परत लावावासा वाटतच नाही. पात्यांची कड मागे वळलेली असल्याने पाणगवत त्यावर अडकत नाही, टोकाकडे घसरून सुटतं. लांब, दोरीसारखी वेल मात्र कधीतरी दांड्याभोवती गुंडाळतेच. तेव्हा क्षणभर रिव्हर्स द्यायचा, बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. नाहीच सुटली तर आधी बॅटरीची वायर काढायची आणि मगच हात घालायचा, एवढं कृपा करून पाळा.

गवतात फुल स्पीडने रेटू नका. मोटर जास्त करंट ओढते, बॅटरी भराभर उतरते. उथळ पाण्यात मोटर वर घ्या, पण पंखा पूर्ण बुडालेला हवा, नाहीतर हवा खेचून नुसता खळखळाट होतो.

पेट्रोलच्या आउटबोर्डमध्ये, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनात, ते थंड ठेवणारं पाणी आत घ्यायचं तोंडच गवताने बुजतं आणि इंजिन तापतं. इथे ती धास्ती नाही. मोकळ्या पाण्यात जोर किंचित कमी वाटला, मला चालतो.

गळाची तंगूस अडकली तर मात्र पंखा उतरवून बघाच. ती दांड्याभोवतीच्या, पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलमध्ये शिरली की मोटरमध्ये पाणी जातं.