साडेआठशे रुपयांची व्हॉल्यूमची पेटी, आठ महिने वापरून

आधीच सांगते, या पेटीत फारसं काही नाही. झाकण उघडलं की एक पॉट (बटणाने फिरवून आवाज कमीजास्त करणारा रोध), चार आरसीए सॉकेट (टीव्हीच्या लाल-पांढऱ्या पिनांची असतात ती) आणि वीतभर वायर दिसते. वीज लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही, साधा दिवासुद्धा नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका काकांनी बसल्या जागी बनवून दिली आणि साडेआठशे रुपये घेतले. पण गेल्या तीन वर्षांत या टेबलावर जे जे आणलं, त्यात हिच्याइतकं सारखं हाताखाली येणारं दुसरं काही नाही. म्हणून लिहायला बसले.

मी डोंबिवलीत घरी बसून ऑडिओबुकचं एडिटिंग करते. वाचणाऱ्याचे श्वास, पान उलटल्याची सळसळ, मधेच खालून ओरडून गेलेला भंगारवाला, हे सगळं वेचून काढायचं काम. तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त कानाने. हेडफोनवर आठ तास काढले की कान शिजतात, म्हणून पाच इंची वूफरचे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेतले. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या पोटातच. सुटसुटीत प्रकार. फक्त वेगळा अ‍ॅम्प गेला, तसं त्याच्यावरचं ते थोरलं बटणही गेलं, हे दुकानात लक्षात येत नाही. व्हॉल्यूम असतो तो दोन्ही स्पीकरच्या पाठीवर, वेगवेगळा, शेंगदाण्याएवढा. आवाज कमी करायचा म्हणजे उठायचं, मॉनिटरवरून वाकायचं, भिंतीच्या फटीत हात घालायचा आणि डावा-उजवा अंदाजाने सारखा करायचा.

हा कुठल्या एका कंपनीचा दोष नाही. स्टुडिओच्या स्पीकरची पद्धतच तशी. यामाहाच्या एचएस५ चं मागचं बटण बरोबर मधे आलं की हाताला टिक लागते. ते रोज फिरवायला दिलेलंच नसतं, एकदा लावून विसरायला असतं. मला हे समजायला वर्ष लागलं. तोवर मी जे सगळे करतात तेच करत होते, म्हणजे उजवीकडे खाली विंडोजची पट्टी सरकवत होते.

पट्टी वाईट नाही. ‘कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम कायम शंभरवर ठेवा, नाहीतर क्वालिटी जाते’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात तथ्य होतं ते १६ बिटच्या काळात. बिट म्हणजे आवाज किती बारकाईने मोजून लिहिला जातो त्याचं माप. एका बिटला साधारण ६ डेसिबल धरले तर १६ बिटमध्ये ९६ डेसिबल बसतात, आणि पट्टीने ३० डेसिबल उतरवले की पाच बिट गेले. पण आताचं विंडोज आतल्या आत ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे त्याहून कितीतरी बारीक, हिशेब करतं आणि माझ्या डॅकला (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी) २४ बिट मिळतात, म्हणजे हिशेबाने १४४ डेसिबल. त्यातले ३० गेले तरी जे उरतं ते माझ्या डोंबिवलीच्या खोलीला पेलण्यापलीकडचं आहे. पंखा चालू असतो हो इथे.

पट्टीचा खरा धोका वेगळा निघाला. माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर एएसआयओ ड्रायव्हरवर चालतं, आणि एएसआयओ विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट डॅकशी बोलतं. पट्टी बारावर असो की शून्यावर, त्याला काही देणंघेणं नाही. एरवी मी सॉफ्टवेअरमधला मास्टर, म्हणजे त्याचा स्वतःचा एकूण व्हॉल्यूम, खाली ओढून काम चालवायचे. एका रात्री पावणेबाराला दुसऱ्याच प्रकल्पाची फाइल उघडली. तिचा मास्टर शून्य डेसिबलवर, म्हणजे पुरता उघडा. मी पट्टीकडे बघितलं, ती बारावर, म्हटलं ठीक आहे. स्पेसबार दाबला आणि निवेदकाने प्रकरण सातवे अख्ख्या मजल्याला ऐकवलं. घाबरून परत स्पेसबार दाबायच्या ऐवजी मी पट्टी ओढायला धावले, आणि ती शून्यावर गेली तरी आवाज तेवढाच. आई, म्हणजे सासूबाई, उठून आल्या. ‘अगं, कोण आलंय एवढ्या रात्री?’ समोरच्यांनी दार उघडून बघितलं ते वेगळंच.

त्यानंतर आधी एक यूएसबीचं गोल बटण घेतलं. दिसायला फार देखणं, फिरवताना मऊ टिकटिक, खाली निळा उजेड. पण ते करतं काय, तर कीबोर्डवरची व्हॉल्यूमची कळ जे करते तेच. तीच पट्टी, फक्त टेबलावर आणलेली. एएसआयओसमोर तेही मुकाट. हे मी घेण्याआधी विचारायला हवं होतं, पैसे माझेच गेले. आता मुलगी त्याने तिच्या व्हिडिओंचा आवाज कमीजास्त करते.

मला हवं होतं ते कॉम्प्युटरच्या बाहेर. आत कुणी काहीही घोळ घालो, डॅक आणि स्पीकरच्या मधे एक नळ पाहिजे आणि तो माझ्या हाताशी पाहिजे. तयार मिळतात. मॅकीचा बिग नॉब पॅसिव्ह आहे, त्यात दोन इनपुट, दोन स्पीकरच्या जोड्या, म्यूट, मोनो (डावा-उजवा एकत्र) आणि डिम (आवाज तात्पुरता खाली) असं सगळं येतं आणि त्यालाही वीज लागत नाही. टीसी इलेक्ट्रॉनिकचा लेव्हल पायलट म्हणजे नुसतं एक मोठं बटण. ज्यांचे स्पीकर एक्सएलआर किंवा टीआरएसने, बॅलन्स्ड पद्धतीने (स्टुडिओतल्या तीन तारांच्या केबलने) जोडलेले आहेत, त्यांनी अशांपैकीच घ्यावं, माझ्या पेटीच्या नादी लागू नये. आणि फोकसराइट स्कार्लेट २आय२ सारखा इंटरफेस (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आधीच असेल तर त्याच्या तोंडावरच मॉनिटरचं बटण आहे, मग काहीच घ्यायला नको. माझा डॅक छोटा, बिनबटणाचा, आरसीएचा. त्यासाठी एवढा खर्च जिवावर आला.

तर शनिवारी दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोडला उतरले. दुकान म्हणजे जिन्याखालची फळी. काउंटरवर सोल्डरिंगचा धूर, काका चष्मा कपाळावर चढवून एका लहान मुलाच्या खेळण्यातल्या गाडीचं काहीतरी करत होते. मी काय हवंय ते सांगितलं, त्यांनी खालून एक तयार पेटी काढून दिली. ‘घ्या ताई, यात बिघडायला काही नाहीच.’

मी म्हटलं, उघडून दाखवा. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण उघडली. पॉटच्या पाठीवर बी१०के छापलेलं. इथे माझा तीन रात्रींचा अभ्यास कामी आला. १०के म्हणजे दहा हजार ओहमचा रोध, आणि बी म्हणजे लिनिअर, सारख्या वळणाला सारखी वाढ. आपला कान पटीत ऐकतो, बेरजेत नाही. लिनिअर पॉट पाव वळण घेईपर्यंतच बराचसा आवाज येऊन जातो आणि पुढचं पाऊण वळण शोभेचं उरतं. व्हॉल्यूमला लागतो तो ए, म्हणजे लॉग, पटीपटीने वाढणारा. ‘काका, ए१०के टाकून द्या ना.’ काकांनी पहिल्यांदा चष्मा खाली घेतला. ‘तुम्ही लाइनमधल्या आहात का?’ मग मात्र मन लावून बसले. प्लॅस्टिकची पेटी बाजूला ठेवून अ‍ॅल्युमिनियमची काढली, कारण प्लॅस्टिकमध्ये हात जवळ नेला की गुणगुण येते. पेटीचं अंग आरसीएच्या ग्राउंडला जोडलं आणि वर सांगितलं, ‘शंभर के चा कधी घेऊ नका, वायर लांब असली की वरचे सूर मरतात.’ ते खरं आहे. पॉटचा रोध जितका जास्त, तितकं पुढच्या वायरीचं कपॅसिटन्स (तिची वीज साठवण्याची क्षमता) उंच स्वर खातं. दहा के आणि दीड मीटर वायर असली की काळजी नाही. वीस मिनिटांत पेटी तयार. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं. वॉरंटी? ‘मी आहे ना इथे.’

घरी आणून जोडली आणि पहिले दोन दिवस वैतागले. एडिटिंगसाठी मला लागतो तेवढा हलका आवाज बटण जेमतेम घड्याळातल्या आठच्या काट्यावर असतानाच यायचा. आणि तिथे निवेदकाचा आवाज, जो दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा राहायला हवा, तो खिडकीकडे सरकलेला. म्हणजे डाव्या अंगाला. आधी वाटलं माझाच कान दुखावला. वायरी उलटसुलट करून बघितल्या, आवाज बाजू बदलून दाराकडे आला. म्हणजे कान नाही, पेटीच.

नवऱ्याच्या खणातून मल्टिमीटर काढला. डॅकमधून १०० हर्ट्झचा सरळ सूर सोडला, स्पीकर काढून ठेवले आणि पेटीच्या दोन्ही आउटला एसी व्होल्टेज बघितलं. आठच्या काट्यावर डावीकडे ३१ मिलीव्होल्ट, उजवीकडे २४. म्हणजे दोन डेसिबलहून थोडा जास्त फरक. बाराच्या काट्यावर २८६ आणि २८१. फरक नावालाच. कारण असं की पॉटच्या एकाच दांड्यावर डाव्या आणि उजव्या आवाजासाठी कार्बनच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि अगदी सुरुवातीच्या टोकाला त्या कधीच पुरत्या जुळत नाहीत. महागड्या पॉटमध्ये फरक कमी, पण असतोच.

मग उमगलं की दोष काकांचा नाही, माझ्या मांडणीचा आहे. डॅक पूर्ण जोराला २ व्होल्ट देतो आणि स्पीकरच्या पाठीवरची बटणं मी उत्साहाने बरीच वर चढवलेली. टाकीचा दाब भरपूर आणि मी नळ केसभर उघडून पाणी भरत होते. पुन्हा मॉनिटरवरून वाकले, ही शेवटची वेळ म्हणून, आणि दोन्ही स्पीकर मागून उतरवले, इतके की मला हवा तो आवाज पेटीचं बटण बाराला असताना येईल. सॉफ्टवेअरचा मास्टर शून्य डेसिबलवर, विंडोजची पट्टी शंभरवर, आणि दोघांनाही पुन्हा हात लावायचा नाही. निवेदक मधे येऊन उभा राहिला. शिवाय रात्री स्पीकरला कान लावला की जी बारीक सुस्कारी ऐकू यायची, तीही बरीच खाली गेली. माझ्या स्पीकरचं मागचं बटण अ‍ॅम्पच्या आधी बसलंय, त्याचा हा फायदा. प्रत्येकाकडे होईलच असं नाही.

बाराच्या काट्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. याचं काय एवढं, असं वाटेल, पण माझ्या कामात ठरलेल्या आवाजावर ऐकणं फार मोलाचं आहे. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबलच्या एसीएक्सचा (जिथे ही पुस्तकं चढवतात) नियम सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या वर नको, आणि मागची खरखर उणे ६० च्या खाली. हे आकडे मीटर सांगतो. पण तोंडातली चिकचिक कुठली काढायची आणि कुठली माणसाची म्हणून राहू द्यायची, हे मीटर सांगत नाही. पूर्वी सकाळी मोठ्याने ऐकून मी निम्मे श्वास उडवायचे आणि रात्री हळू ऐकून म्हणायचे, छान आहे की. आता ठिपक्यावर बटण, मगच कात्री. दारावरची बेल वाजली, फोन आला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आहेत, की न बघता हात जातो आणि आवाज खाली. परत ठिपक्यावर. बस.

तक्रारी आहेत. पेटी हलकी आहे, इतकी की चार वायरींच्या ओढीने ती आपोआप मागे सरकत टेबलावरून खाली लोंबायची. सासऱ्यांच्या जुन्या किराणा दुकानातलं एक किलोचं लोखंडी वजन माळ्यावर होतं, ते खाली दुहेरी टेपने चिकटवलं. आता हलत नाही. सॉकेट एकमेकांना खेटून बसवलेत, जाडजूड प्लग असतील तर एकमेकांत घुसतात. म्यूट नाही, आणि मला सगळ्यात जास्त चुकचुक वाटते ती मोनोच्या बटणाची. सातव्या महिन्यात फिरवताना खरखर सुरू झाली होती, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून दहा-बारा वेळा बटण गरगर फिरवलं, गेली. पुन्हा येईल, कार्बनचा पॉट आहे.

आणि हो, पेटी आली म्हणून चालू-बंद करायचा क्रम सुटत नाही. कॉम्प्युटर आणि डॅक आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलटं. नाहीतर धप्प होतं ते होतंच, फक्त आता बटण शून्यावर आणून ठेवलं की जरा कमी होतं.

कुणाला जायचं असेल तर ग्रँट रोडला पूर्वेला उतरा आणि चालत जा, रविवार टाळा, बहुतेक फळ्या बंद असतात. आपल्याकडची आरसीएची एक वायर सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. पॉटवर ए छापलंय का ते झाकण लावायच्या आधी बघा, नंतर काका स्क्रू पुन्हा काढायला कुरकुर करतात. मी दिवाळीआधी एक चक्कर मारणार आहे, मोनोचा स्विच टाकून घ्यायला. त्यांनी दोनशे सांगितलेत, मी दीडशेवर अडून आहे.