वाडीसाठी आधी काय मागायचं, गाडीला थांबा की पाणी?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठल्याही गावच्या मुंबई मंडळात बसा, हाच वाद चालू असतो. आमदारांना द्यायच्या निवेदनात पहिला मुद्दा कुठला घालायचा? तुमचंही ठरत नसेल तर मला दोन्हीकडचं जे दिसतं ते सांगतो.

आधी कोकण रेल्वे. रोहा ते मंगळूर 741 किमी, जानेवारी 1998 मध्ये सगळा मार्ग सुरू झाला, रेल्वेमंत्री राहिलेले मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस, अभियंते श्रीधरन या माणसांचं ऋण कोकण विसरणार नाही आणि विसरूही नये. सणाला घरी येणं सोपं झालं, म्हाताऱ्या आईला मुंबईच्या हॉस्पिटलात नेणं जमायला लागलं. पण पुढचे आकडे बघा. 2001 ते 2011 या 10 वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाची 8.69 वरून 8.50 वर. गाडी आली तरी माणसं कमीच झाली! 2011 ला रत्नागिरीत 1000 पुरुषांमागे 1122 बायका होत्या, म्हणजे कमावता पुरुष कुठे आहे ते कळतंच. याचा दोष मी रेल्वेला देत नाही, मुंबईला जायची वाट गिरणीच्या काळापासूनची आहे आणि गाडी नसती तर कदाचित अजून घरांना कुलपं लागली असती. पण गावात काम नसेल तर गाडी माणसं आणते तशी नेतेही, हे मान्य करायला हवं.

आता दुसरी बाजू, पाणी आणि त्यावर जगणारी बाग. 1990 मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, शंभर टक्क्यांपर्यंत अनुदान. आपल्याकडे कातळावर आणि वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत आंबा-काजू उभा राहिला त्यात या योजनेचा मोठा वाटा आहे. खड्डे मारण्यापासून मजुरी गावातच, नंतर राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणं, काजू बी फोडणं, म्हणजे वर्षातले बरेच महिने कोणाला ना कोणाला काम. रेल्वेसारखं डोळ्यात भरत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, पण झाड आपल्या जमिनीत राहतं आणि त्याचा पैसा बऱ्यापैकी गावात फिरतो.

अडचणी इथेही आहेत. कलमाला फळ यायला 5-6 वर्षं लागतात, पहिली 2-3 वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं, आणि वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतो कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जातं. म्हणून पाणी आधी म्हणतोय मी. पऱ्यावर म्हणजे ओढ्यावर पक्का बंधारा, तो मंजूर होईपर्यंत दिवाळीच्या सुमारास सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा, त्याला श्रमदानच पुरतं. माकडं आणि डुकरांचा त्रासही धरून चला, राखणीचा खर्च हिशोबात नसला की बाग सोडून द्यायची वेळ येते.

मुंबई-गोवा हायवेचं काय? चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि किती रखडलं ते तुम्ही दर गणपतीत बघताच, ते आपल्या निवेदनाने हलणार नाही. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळही तसाच, वाडीच्या हातातला विषय नाही तो.

एकच ठिकाण आहे जिथे मी थांबा किंवा रस्ता पहिला मागेन, आधीच बागा उभ्या आहेत आणि माल वेळेत निघत नाही तिथे. बाकी सगळीकडे बंधारा आणि लागवड वर, थांबा दोन नंबरला.

योजनांची नावं आणि निकष बदलत असतात, आत्ताचे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) लिहून घ्या. आणि खरी अडचण सातबाऱ्यावर आहे, एका गुंठ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, एकाची सही नसली की प्रस्ताव तिथेच अडकतो. ती संमतीपत्रं गणपतीत घ्या, दीड दिवसासाठी का होईना सगळी भाऊकी एका पडवीत असते तेव्हा.