वायफायच्या नावातलं ‘5जी’

आमची वाडी देवरूखपासून बरीच आत. फायबर अजून तिथवर पोचलेलं नाही आणि लँडलाइनची तार एका पावसाळ्यात तुटली ती तुटलीच. मी मुंबईच्या एका फर्मचे हिशेब घरून बघतो, ते फोनच्या हॉटस्पॉटवर कसंबसं चालायचं. एप्रिलात बाजारात छत्री टाकून बसलेल्या एका पोराने गाठलं. “काका, घरी येऊन दाखवतो. नाही चाललं तर घेऊ नका.” एवढं म्हटल्यावर संशय कुणाला येणार?

सकाळी अकराला आला. राउटर खळ्यात स्टुलावर ठेवला, माजघरातून एक्स्टेन्शन ओढून आणली, सिम घातलं आणि आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावरच्या वेग मोजणाऱ्या ॲपचा काटा सरसर चढत 212 एमबीपीएसवर गेला. मग त्याने फोनचं वायफाय चालू केलं आणि यादी दाखवली. सारखीच दोन नावं, त्यातल्या एकाच्या शेपटीला ‘5जी’. “बघा, लिहूनच येतंय!” आईने त्याला कोकम सरबत दिलं, मी साडेचार हजार दिले. राउटर, सिम आणि तीन महिन्यांचं ‘अनलिमिटेड 5जी’.

आधी काटा, मग वायफाय. हा क्रम मला तेव्हाच खटकायला हवा होता. वायफाय बंद असताना आलेला तो आकडा त्याच्या फोनमधल्या सिमचा होता. राउटरचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

पहिल्याच दिवशी दुपारी नेट मेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी दोन तास मीटिंग झाली की पुढे साधी मेलसुद्धा उघडेना. रात्री बारानंतर पुन्हा चालू. पोराला फोन केला तर म्हणाला, “टॉवरचं काम चाललंय.” आमच्याकडे वीज गेली की काही तासांत टॉवरही झोपतो, त्यामुळे मला ते पटलंसुद्धा. तीन आठवडे मी टॉवरला शिव्या घातल्या.

मे महिन्यात भाचा आला. त्याने राउटर उलटा केला आणि तळाचं लेबल वाचून हसायलाच लागला. “मामा, हा 4जी आहे. एलटीई कॅट 4, एलटीई म्हणजे 4जीच. याची कागदावरची कमाल 150 आहे. 212 कुठून येणार?” वायफायच्या नावातलं 5जी म्हणजे 5 गिगाहर्ट्झ, राउटर आणि लॅपटॉप यांच्यातल्या लहरींची फ्रिक्वेन्सी. टॉवरवरून येणाऱ्या पाचव्या पिढीच्या नेटवर्कशी त्याचा संबंध नाही. हे नाव जुन्या राउटरवरही दिसतं, म्हणजे देशात 5जी सुरू झालं त्या ऑक्टोबर 2022 च्या कितीतरी आधीपासून.

खरी मेख पुढे आहे. सिममध्ये मोबाइलचं साधं प्रीपेड रिचार्ज होतं, रोज 2 जीबीचं. त्यातलं ‘अनलिमिटेड’ फक्त 5जी नेटवर्कवर लागू. राउटर 4जी असल्यामुळे माझा सगळा वापर त्या 2 जीबीतून कापला जाई आणि ते संपले की वेग 64 केबीपीएस, म्हणजे एक एमबीपीएसही नाही. म्हणजे सिम खरं, रिचार्ज खरं, राउटरही चालू. नुसती जोडी लबाडीची.

सिमच्या कंपनीकडे तक्रार केली. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला, उत्तरही आलं: सिम आमचं, राउटर आमचा नाही. अपील केलं, तेच उत्तर. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे पावती पुस्तकातला एक चिटोरा. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना राउटरचं मॉडेल, ना 5जी हा शब्द. पोराचा नंबर तोवर बंद झाला होता.

आणखी एक. सिम देताना त्याने अंगठा दोनदा घेतला होता. “पहिला नीट उमटला नाही, काका.” भाच्याने दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावरचे नंबर काढले, तर एक अनोळखी निघाला. ‘हा माझा नंबर नाही’ अशी नोंद तिथेच केली. साडेचार हजारांपेक्षा मला त्याचाच धसका जास्त बसला. त्या नंबरवरून कुणी कुणाला गंडवलं असतं, तर पोलीस माझ्या दारात आले असते.

तुमच्याकडे असा कुणी आला, तर राउटर खळ्यात ठेवू देऊ नका. आमच्या चिरेबंदी भिंतींच्या आत सिग्नल निम्माही उरत नाही. तुम्ही जिथे बसून काम करता त्या खोलीत ठेवायला सांगा, चाचणी तुमच्या फोनवर करा, मोबाइल डेटा बंद करून, आणि तीही रात्री नऊला, सगळी वाडी व्हिडिओ बघत असताना. त्याआधी तळाचं लेबल वाचा. नुसतं एलटीई लिहिलं असेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

राउटर अजून वापरतोय, टाकवत नाही. जाताना भाच्याने वायफायचं नाव बदललं. आता यादीत ‘मामाचे साडेचार हजार’ असं दिसतं. शेजारचे पासवर्ड मागायला येतात, तेव्हा सगळी गोष्ट पुन्हा सांगावी लागते.