नायट्रेटसाठी रेझिन निवडताना: साधे की नायट्रेट-निवडक?

विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आयन-विनिमयाने, म्हणजे रेझिनच्या बारीक मण्यांवर ते धरून बदल्यात क्लोराइड सोडून, काढायचे ठरले, की खरा पेच रेझिनचा पडतो. मी दोन्ही प्रकार एकाच टाकीत, एकाच विहिरीच्या पाण्यावर, एकापाठोपाठ एक वापरले आहेत.

कागदावर साधे तीव्र अल्कधर्मी रेझिन सरस ठरते. ते स्वस्त असते, आणि त्याची क्षमता लिटरमागे साधारण १.३ इक्विव्हॅलंट (धरता येणाऱ्या आयनांच्या भाराचे एकक) भरते, तर निवडक रेझिनची १ च्या आसपासच राहते. मिठाच्या पाण्याने रिजनरेशन (संपलेले रेझिन धुऊन पुन्हा वापरण्याजोगे करणे) दोघांनाही करावे लागते आणि दोन्हींतून पाण्यात क्लोराइड उतरते, त्यामुळे तिथे फारसे डावे-उजवे नाही.

माझे मन फिरले ते एका प्रसंगाने. टाकीत साधे रेझिन असताना एकदा रिजनरेशन दोन दिवस लांबले. विहिरीच्या पाण्यात बुडवलेली नायट्रेटची चाचणीपट्टी (रंग जितका गडद, तितके नायट्रेट जास्त) फिकट गुलाबी झाली होती, पण टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पट्टी तिच्याहून गडद निघाली. पट्ट्यांची अदलाबदल झाली असावी असे वाटून मी पुन्हा दोन पट्ट्या बुडवल्या, तरीही तेच. साधे रेझिन नायट्रेटपेक्षा सल्फेटला घट्ट धरते; त्यामुळे क्षमता संपली की मागून येणारे सल्फेट आधी धरलेल्या नायट्रेटला हुसकावून लावते आणि ते सगळे एकदम नळात येते. म्हणजे यंत्रणा नसती तर मिळाले असते त्याहून वाईट पाणी आम्ही त्या दिवशी भरत होतो.

निवडक रेझिनमध्ये नायट्रोजनभोवती मिथिलऐवजी इथिल किंवा ब्युटिलचे मोठे गट असतात. दोन भार असलेल्या सल्फेटला लगतच्या दोन जागा लागतात, आणि या गटांमुळे त्या जागा एकमेकींपासून दूर जातात. म्हणून हे रेझिन संपले तरी बाहेरचे नायट्रेट हळूहळू विहिरीच्या पातळीपर्यंत चढते आणि साधारण तिथेच थांबते.

सल्फेट अगदी कमी असेल आणि तपासणी न चुकता होत असेल, तर साध्या रेझिनला नाव ठेवण्याचे कारण नाही. पाणी-तपासणीत सल्फेटचा आकडा मात्र आवर्जून मागून घ्यावा. तरीही घरात वरचे दूध पिणारे तान्हे बाळ असेल, तर साधे रेझिन सुचवायला मी धजणार नाही, कारण नायट्रेटचा धोका तान्ह्या बाळांनाच सर्वाधिक असतो, शिवाय त्याला ना रंग ना वास, आणि पाणी उकळल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते.