वाऱ्याला आडोसा: तोक्योच्या घरातला जुना ब्योबु

आई साताऱ्याहून तीन महिने राहायला येणार म्हटल्यावर प्रश्न जागेचा होता. निशी-कासाईतलं आमचं घर एका खोलीचं, त्यात भाड्याचं. भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही. म्हणून ब्योबु घेतला. हा घडीचा जपानी पडदा. नावाचा अर्थच वाऱ्याला आडोसा.

क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. तिथे दोन पॅनेलचा, १६८ सेंमी उंच, जुना ब्योबु ३२,००० येनला मिळाला. नवे छापील याहून स्वस्त होते, पण त्यांच्यावर मन बसेना.

चित्र एवढंच: सोनेरी जमिनीवर पांढरी शेवंती. जवळ गेलं की वर्खाचे चौकोन दिसतात, आणि जिथे एकाची कड दुसऱ्यावर चढली आहे तिथे बारीक रेघ. फुलांचा पांढरा रंग शिंपल्यांच्या भुकटीचा. त्याचे थर इतके दिलेत की पाकळ्या कागदातून उठून आल्यात. दुपारी हे लक्षातही येत नाही. संध्याकाळी वरचा दिवा बंद करून कोपऱ्यातला लावला की उजेड आडवा येतो, एकेका पाकळीची सावली पडते आणि सोनं आतून तापल्यासारखं दिसतं. मी रोज पाच मिनिटं तरी नुसती बघत बसते.

आत लाकडी जाळी आणि तिच्यावर कागदाचे थर, त्यामुळे मी एकटी तो सहज हलवते. बिजागऱ्याही कागदाच्याच, दोन्हीकडे वळणाऱ्या. फार पूर्वी पॅनेल दोऱ्यांनी जोडत आणि प्रत्येकाला वेगळा काठ असे. कागदी बिजागरी आल्यावर चित्र सलग पसरू लागलं. माझ्या शेवंतीची एक फांदी अशीच घडी ओलांडून पलीकडे जाते. पोर्तुगीजांनी तर वस्तूबरोबर शब्दही उचलला, त्यांच्या भाषेत आजही पडद्याला 'बियोंबु' म्हणतात. कोबेच्या संग्रहालयात कानो नाइझेन या जुन्या जपानी चित्रकाराच्या ब्योबुंवर पोर्तुगीजांची काळी जहाजं आहेत. असली जहाजं आपल्या गोव्याहून निघून मकाऊमार्गे नागासाकीला यायची. ते कळल्यापासून हा पडदा मला परका वाटत नाही.

वापरताना सांभाळायचं ते असं. पूर्ण सरळ उघडला तर पडतो, कोन ठेवावाच लागतो. म्हणजे जागा थोडी जास्त जाते. एसीच्या झोतात ठेवू नये. जूनच्या पावसाळी दमटपणात मी तो भिंतीपासून लांब ठेवते. सोन्याला बोट लावायचं नाही. आणि आवाज अजिबात अडत नाही: आईचं पहाटेचं हरिपाठाचं पुटपुटणं मला अंथरुणात ऐकू येतं. नजरेआड होण्यापुरता मात्र पुरेपूर.

तक्रार एकच, पण खरी. खालचा कोपरा फाटलेला होता, आणि विक्रेत्याने तो दाखवला नाही. घरी उघडल्यावर कळलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

आई आली तेव्हा म्हणाली, "अगं, दवाखान्यात असतो तसला पडदा का?" मग चष्मा लावून त्या फाटक्या कोपऱ्याशी बसली. आतल्या थरात शाईची अक्षरं होती. पूर्वी अस्तराला जुन्या वह्यांचे कागद वापरत. ऑफिसातल्या मैत्रिणीला फोटो पाठवला, तिला दोनच शब्द लागले: तांदूळ, तीन.

"कुणाचा तरी हिशेब आहे," आई म्हणाली. "एवढ्यात बुजवू नकोस."